‘का हो?’ : रामघाटावरच्या साध्या बोलण्यातील गैरसमज

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काशीस गेलेला मराठी माणूस गंगास्नान आटोपून रामघाटाच्या पायऱ्या चढू लागतो. हातात गंगाजलाचा गडू, अंगावर ओले धोतर. वरून उतरणारा एखादा काशीकर त्याच्याकडे पाहून हसतो आणि म्हणतो, “का हो?” मराठी माणूस थबकतो. शब्द तर अगदी घरचे आहेत. मराठीत ‘का हो?’ म्हणजे ‘कशासाठी?’ अनोळखी गृहस्थाने आपणांस कारण का विचारावे? आपले काही चुकले काय? तो गोंधळून उत्तर शोधू लागतो, आणि तोवर तो काशीकर चार पायऱ्या खाली उतरूनही गेलेला असतो. त्याने काहीच विचारलेले नसते. बनारसी बोलीत ‘का’ म्हणजे ‘काय’ आणि ‘हो’ ही आपुलकीची हाक. “काय, कसे काय?” एवढाच त्याचा अर्थ. त्याला उत्तर हवे होते ते हास्याचे.

आजच्या व्याख्यानाचा विषय या पायरीवरच उभा आहे. दोन भाषांच्या माणसांत गैरसमज होतात ते भाषा परकी असल्यामुळे, असे सामान्यतः मानले जाते. काशीतील मराठी वस्तीचा अनुभव मात्र निराळे सांगतो. तमिळ किंवा मल्याळम शब्द कानी पडला, तर मराठी माणूस थांबतो, ‘म्हणजे काय?’ असे विचारतो, आणि गैरसमजास जागा उरत नाही. पण शब्द ओळखीचा वाटला की तो विचारीत नाही. थेट अर्थ लावतो. आणि अर्थ चुकला, तर शब्दास दोष न देता बोलणाऱ्या माणसास देतो. अनोळखी शब्द थांबवितो. ओळखीचा शब्द फसवितो.

या गोष्टीसाठी रामघाटाइतके योग्य स्थळ क्वचित सापडेल. मणिकर्णिकेपासून उत्तरेकडे गंगेच्या काठाने निघाले, की सिंधिया घाट, भोसले घाट, अमृतराव पेशव्यांच्या नावाशी जोडलेला गणेश घाट, रामघाट, जटार घाट, आणि पुढे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट अशी नावे लागतात. यांपैकी कित्येक नावेच मराठी इतिहासाची पाने आहेत. या घाटांच्या मागच्या अरुंद गल्ल्यांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहात आली. पैठणहून काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील गागाभट्टांनी 1674 साली रायगडावर शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य केले. एकनाथांची भागवतावरील टीका शके 1495 मध्ये, म्हणजे 1573 साली, याच वाराणसीत पूर्ण झाली. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात उभारले. मराठी माणूस काशीस पाहुणा नाही. तो तेथला शेजारी आहे. आणि गैरसमज पाहुण्यापेक्षा शेजाऱ्यांतच अधिक होतात, कारण त्यांना रोज बोलावे लागते.

प्रथम सर्वनामांकडे पाहावे. बनारसी माणूस स्वतःविषयी ‘हम’ म्हणतो. ‘हम घरे जात हई’ म्हणजे ‘मी घरी चाललो आहे’. मराठी कानास ‘हम’ म्हणजे ‘आम्ही’. आणि एकट्या माणसाने स्वतःस ‘आम्ही’ म्हणावे ते राजाने, नाहीतर गर्विष्ठाने. त्यामुळे भाजी विकणारा साधा माणूसही नव्या मराठी सुनेस मिजासखोर वाटतो. उलट बाजूने पाहिले, तर ती सून शाळेत शिकलेल्या हिंदीतून ‘मैं’, ‘मैं’ म्हणत असते. पूर्वेकडील अनेक घरांतून हा ‘मैं’ काहीसा ताठ, स्वतःस पुढे करणारा वाटतो. दोघेही आपापल्या परीने नम्र असतात, आणि दोघांसही समोरचा अहंकारी वाटतो.

मध्यम पुरुषाची अडचण याहून मोठी आहे. मराठीतील ‘तुम्ही’ आदरार्थी आहे. हिंदीतील ‘तुम’ त्याच्यासारखा ऐकू येतो, परंतु तो बरोबरीच्या किंवा लहान माणसासाठी, आदरासाठी ‘आप’. समजा, पुण्याहून आलेले एखादे वयस्क गृहस्थ वैदिक गुरुजींस मोठ्या आदराने विचारतात, “तुम कब आओगे?” त्यांच्या मनात ‘तुम्ही केव्हा याल?’ हे वाक्य असते. गुरुजींच्या कानी निराळेच पडते. आणि याच्या अगदी उलट प्रसंग गल्लीत घडतो. बनारसी बोलीत ‘तू’ हा मधल्या दर्जाचा शब्द आहे. अनादरासाठी तेथे ‘तैं’ हा वेगळा शब्द असतो. शेजारी स्नेहाने विचारतो, “तू कहाँ जात हउआ?” यातील ‘हउआ’ या क्रियापदात मान राखलेला आहे. मराठी माणूस तेवढे ऐकत नाही. त्याच्या कानात ‘तू’ तेवढा टोचतो, आणि “या गावात लहानथोर कळत नाही,” असा निकाल देऊन तो घरी परततो.

खरे तर मराठीतही ‘तू’ केवळ लहानांसाठी नाही. मराठी माणूस आईस ‘तू’ म्हणतो, देवासही ‘तू’ म्हणतो. हिंदीभाषक घरांतून आईस ‘तुम’ किंवा ‘आप’ म्हणण्याची रीत आहे. मराठी मुलगा चारचौघांत आईस ‘तू’ म्हणताना ऐकला, की हिंदीभाषक शेजारणीस तो उद्धट वाटतो. त्या ‘तू’ मधली जवळीक ओळखण्यास मराठी घरात वाढावे लागते, किंवा निदान मराठी घरात एकदा विचारावे लागते.

नात्यांच्या शब्दांत तर पावलोपावली खड्डे आहेत. मराठीत ‘दादा’ म्हणजे थोरला भाऊ. हिंदीत ‘दादा’ म्हणजे वडिलांचे वडील. मराठीत ‘नाना’ हे वडीलधाऱ्यांस मिळणारे लाडके नाव. हिंदीत ‘नाना’ म्हणजे आईचे वडील. मराठीत ‘ताई’ म्हणजे थोरली बहीण. हिंदीत ‘ताई’ म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी. एखाद्या तरुण शेजारणीस आदराने ‘ताई’ म्हणावे, तर तिला आपण एकाएकी वयस्क झाल्याचे समजते. ‘आई’ या शब्दाची कथा सर्वांस ठाऊक आहे. “आई आली” याचे हिंदी करताना कोणी लहान मूल “आई आई” म्हणते, आणि ऐकणारा ‘कोण आली?’ असे विचारीत बसतो.

‘बाई’ या शब्दापाशी या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी विशेष थांबावे. मराठी शाळेत ‘बाई’ या शब्दाइतका मान दुसऱ्या शब्दास नाही. वर्गात ‘बाई आल्या’ एवढे कोणी म्हटले, की सारा वर्ग उठून उभा राहात असे. काशीत मात्र ‘बाई’ हे पद दीर्घकाळ गायिकांच्या नावामागे लागत आले. रसूलनबाईंसारख्या थोर ठुमरी-गायिकेचे नाव ज्या शहराने डोक्यावर घेतले, त्याच शहराने अशा कलावतींच्या पेशाकडे संशयानेही पाहिले. आजच्या हिंदीत तर ‘बाई’ हा शब्द घरकाम करणाऱ्या स्त्रीसाठी सर्रास वापरला जातो. तेव्हा मराठी मुलगी अभिमानाने “हमारी बाई बहुत अच्छी हैं” असे म्हणाली, तर ऐकणाऱ्यापुढे शिक्षिकेची मूर्ती उभी राहात नाही. आणि तरीही हेच काशीकर ‘अहिल्याबाई’ आणि काशीतच जन्मलेल्या ‘लक्ष्मीबाई’ ही नावे हात जोडून घेतात. म्हणजे शब्दात मान किंवा अपमान मुळात नसतो. तो ऐकणाऱ्याच्या आठवणीत असतो.

आता घरात येऊ. आतिथ्याच्या बोलण्यात गैरसमज अधिक बोचतो, कारण तेथे प्रेम पणास लागलेले असते. मराठी घरात जेवणाची तयारी झाली, की ‘पाने घेतली’, ‘पाने वाढली’ असे म्हणतात. केळीच्या पानावर जेवण्याची रीत मागे पडली, ताटे आली. शब्द मात्र ‘पान’ हाच राहिला. रामघाटावरचे एखादे मराठी यजमान बनारसी पाहुण्यास हिंदीतून म्हणतात, “चलिए, पान लग गया।” बनारसमध्ये ‘पान लगाना’ म्हणजे विडा लावणे. पाहुणा समजतो, जेवण नाहीच; विडा देऊन निरोप देण्याचा बेत दिसतो. तो संकोचाने म्हणतो, “पान फिर कभी,” आणि उठतो. यजमानीण आत वरणभातावर तूप वाढून वाट पाहात असते. तिला कळत नाही की भरल्या पानावरून पाहुणा का उठून गेला. मराठी घरात याहून मोठा अपमान नाही. आणि अपमान करणाऱ्यास त्याची वार्ताही नाही.

विड्याचे आणखी एक प्रकरण आहे. बनारसी माणूस पान चघळून संपवीत नाही. ते तोंडात विरघळू देतो. त्यास ‘पान घुलाना’ म्हणतात. त्या वेळी त्यास कोणी काही विचारले, तर मान किंचित वर करून तो ‘हूँ’ एवढेच म्हणतो. नव्या माणसास ही बेपर्वाई वाटते. वास्तविक तो घाईने थुंकून उत्तर देत नाही, यात त्याच्या दृष्टीने अर्धा शिष्टाचार सामावलेला असतो.

निरोप घेताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही. ‘जातो’ हा शब्द अशुभ. म्हणून तो ‘येतो’ म्हणतो. हिंदी बोलताना हाच संस्कार तो बरोबर नेतो आणि “अच्छा, आता हूँ” असे म्हणून उठतो. हिंदीत याचा सरळ अर्थ, ‘आत्ता येतो’. यजमान चहाचे आधण उतरवीत नाहीत, पुन्हा पाणी घालतात, दाराकडे पाहात बसतात. पाहुणे तोवर घरी पोचून निजलेले असतात. दुसऱ्या दिवशी यजमान विचारतात, “कल आप आए नहीं?” पाहुणे चकित होतात. काल तर आपण तासभर बसलो होतो!

मराठी घरात भेटताच विचारला जाणारा ‘जेवलात का?’ हा प्रश्न म्हणजे कुशल विचारण्याचा एक प्रकार. काशीकरास तो निमंत्रण वाटू शकतो. ‘चहा घेणार का?’ या प्रश्नाचे त्याहून कठीण. बनारसी घरात पाहुण्यास विचारावयाचे नसते, आणून ठेवावयाचे असते. विचारणे म्हणजे नाकारण्याची सभ्य तऱ्हा. तेथे नुसते पाणीही पुढे करीत नाहीत. बरोबर गुळाचा खडा, बताशा, पेढा, काहीतरी गोड असावे लागते. मराठी घरातून कोरे पाणी आले, की पाहुणा मनात नोंद करतो. पण जुन्या मराठी घरांतही उन्हातून आलेल्यास गूळपाणी देत असत. म्हणजे जी रीत काशीकरांची म्हणून आज परकी वाटते, ती एके काळी आपल्याही ओसरीवर होती.

उपवासाची गोष्ट प्रसिद्धच आहे. एकादशीस मराठी गृहिणी शेजारणीस सहज सांगते, “आज उपवास, खिचडी केली आहे.” उत्तरेत ‘खिचड़ी’ म्हणजे डाळतांदळाची, मकरसंक्रांतीच्या सणासही तेथे ‘खिचड़ी’ असेच नाव आहे. उपवासास धान्य चालत नाही हे शेजारीण जाणते. तेव्हा हा कसला उपवास, असे तिच्या मनात येते. साबुदाण्याचे नाव कोणीच उच्चारीत नाही, कारण दोघींसही ‘खिचडी’ हा शब्द पुरेसा स्पष्ट वाटत असतो.

श्रावणाचेही तसेच. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, महाराष्ट्रात अमावास्येनंतर. म्हणून काशीत ‘सावन’ लागतो तेव्हा मराठी श्रावणास पंधरा दिवस अवकाश असतो. शेजारी विचारतात, “आप लोग सावन नहीं मानते?” पुढे राखी पौर्णिमेस त्यांचा सावन संपतो, आणि मराठी घराचा श्रावण आणखी एक पंधरवडा चालूच राहातो. आता चकित होण्याची पाळी पुन्हा त्यांची. कृष्णजन्माची रात्र दोघांची एकच. मराठी पंचांग तिला श्रावण वद्य अष्टमी म्हणते, उत्तरेचे भाद्रपद कृष्ण अष्टमी. महाशिवरात्र एकच, एकाच्या माघात, दुसऱ्याच्या फाल्गुनात. चंद्राचे दोघांशी काही भांडण नाही. माणसांनी मात्र एकमेकांस अधार्मिक ठरवावे, इतके निमित्त त्यातून मिळते.

बालाजी घाटावरील मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाज करीत असत. ते स्थान रामघाटापासून जवळच आहे. त्या परिसरात ‘राग’ म्हटले, की भैरवी आठवावी. मराठी माणूस तेथे त्रासून “हमको राग आता है” असे म्हणाला, तर त्याचा हिंदी अर्थ होतो, ‘आम्हांस राग गाता येतो’. ऐकणारा आदराने पुढे सरकून म्हणेल, “तो कुछ सुनाइए।” या एका प्रसंगी तरी गैरसमजाने भांडण मिटण्याचा संभव आहे.

हसून सोडून देण्यासारखे हे सारे आहे काय? एकेक प्रसंग तसाच आहे. परंतु असे दहा प्रसंग साचले, की माणसाविषयीचे मत समाजाविषयीचे मत होते. ‘हे लोक उद्धट’, ‘हे लोक चिक्कू’, ‘यांना धर्म नाही’ असली वाक्ये एखाद्या मोठ्या कलहातून क्वचित जन्मतात. ती ‘तू’, ‘हम’, कोरे पाणी आणि न आलेला पाहुणा यांतून तयार होतात, आणि मुलांस वारशात मिळतात. शब्द कोणाचाही चुकलेला नसतो, म्हणून क्षमा मागण्याची वेळही कधी येत नाही; आणि क्षमा न मागितलेला अपमान दीर्घकाळ टिकतो.

यावर काशीतील मराठी घरांनी उपाय शोधला, तो मराठी टाकून देण्याचा नव्हता. घरात मराठी आणि गल्लीत बनारसी, अशा दोन्ही भाषा तेथली मुले बोलत वाढली. त्यांना ‘का हो’ चे दोन्ही अर्थ ठाऊक असतात, आणि कोणता अर्थ कोठे हेही ठाऊक असते. अशाच एका मराठी कुटुंबात 1883 साली काशीत बाबूराव विष्णु पराडकर जन्मले. 1920 साली निघालेल्या ‘आज’ या हिंदी दैनिकाचे ते विख्यात संपादक झाले. ‘मिस्टर’ च्या जागी ‘श्री’, अनेक नावांपूर्वी ‘सर्वश्री’, तसेच ‘राष्ट्रपति’, ‘मुद्रास्फीति’ असे शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. माणसास कसे संबोधावे, हा ज्या दोन भाषांमधील सर्वांत नाजूक प्रश्न, त्याचे उत्तर हिंदीस एका मराठी घरातील माणसाने द्यावे, हे सहजासहजी घडलेले नाही. दोन्ही भाषांचे मान-अपमान ज्याने जवळून ऐकले, त्यासच असा शब्द सापडतो.

आणि साम्य शोधू लागले, तर तेही त्याच गल्ल्यांत विपुल आहे. भोजपुरीतही आजीस ‘आजी’ च म्हणतात. लेकीस सासरी पाठविताना मराठी घरात ओटी भरतात. पूर्वेकडे तिच्या पदरात तांदूळ, हळद, दूर्वा घालतात आणि त्यास ‘खोंइछा’ म्हणतात. त्या क्षणी दोन्हीकडच्या आयांचे डोळे सारखेच भरून येतात. शब्द सारखे आणि अर्थ वेगळे, हा जसा एक धोका, तसे शब्द वेगळे आणि अर्थ एकच, हे एक आश्वासन.

शेवटी या सभागृहाकडे वळावे. रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे. सांगवेद म्हणजे सहा अंगांसह वेद, आणि त्या अंगांतील पहिले अंग ‘शिक्षा’. तेथे शिक्षा म्हणजे शुद्ध उच्चाराचे शास्त्र. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र शिक्षा म्हणजे दंड. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ.

आज महाराष्ट्रातील कित्येक मराठी शाळांतून उत्तरेकडून आलेल्या कुटुंबांची मुले बसतात. पालकसभेत असा एखादा पिता हात जोडून म्हणतो, “मेरे बच्चे को अच्छी शिक्षा दीजिए।” सभेत हशा पिकतो. तो का पिकला, हे त्या पित्यास कळत नाही. पण शेजारी बसलेल्या त्याच्या मुलास कळते, कारण ते मूल आता मराठी शिकलेले असते. वडिलांच्या सर्वांत चांगल्या वाक्यावर सभा हसली, ही गोष्ट ते मूल कोणास सांगत नाही. तेच मूल वर्गात स्वतःस ‘हम’ म्हणते, बाईंना ‘तू’ म्हणते, आणि उद्धट ठरते. पूर्वी रामघाटाच्या पायरीवर जो मराठी माणूस गोंधळून उभा होता, त्याच्याच जागी आज हे मूल उभे आहे. फक्त घाट बदलला आहे.

या शाळेने साठ वर्षांत असंख्य मुलांस मराठी दिली. ज्यांना ती घरूनच मिळाली, त्यांनी ती दुसऱ्यास मोजण्याची काठी करू नये, एवढीच अपेक्षा. कोणाचे बोलणे टोचले, तर रागावण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: “तुमच्याकडे याचा अर्थ काय होतो?” त्या पालकसभेत हसण्याऐवजी कोणी एवढे विचारले, तर त्या पित्यास मराठीतला एक शब्द मिळेल, सभेस हिंदीतला एक अर्थ मिळेल, आणि ते मूल वडिलांचा हात धरून ताठ मानेने घरी जाईल.